नेम कसा लागतो: जत्रेतल्या फुग्यापासून अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यापर्यंत

आंगणेवाडीच्या जत्रेत भराडीदेवीचं दर्शन झालं, खाज्याचा पुडा हातात आला, की पोरांचे पाय फुगे फोडायच्या बंदुकीकडे वळतात. ताडपत्रीवर रंगीत फुग्यांच्या रांगा, समोर एक बाकडं, बाकड्यावर नळी मोडून भरायची एअरगन. यंदा माझ्या भाचीने सहा छर्रे मारले आणि दोन फुगे फुटले. ती हिरमुसली. मागे उभ्या असलेल्या एका आजोबांनी तिची समजूत घातली, "नजर तीक्ष्ण व्हयी गो बाय. जेची नजर, तेचो नेम."

आमच्याकडे बहुतेकांची समजूत हीच असते. घारीसारखा डोळा आणि दगडासारखा स्थिर हात ज्याला जन्माने मिळाला, तो नेमबाज. मलाही लहानपणी तसंच वाटायचं. पुढे या विषयाचं वेड लागलं, नेमबाजांच्या मुलाखती ऐकल्या, रेंजवर जाऊन तासन् तास बघत बसलो, तेव्हा कळलं की डोळा आणि हात या दोन्ही गोष्टी नेमात दुय्यम आहेत. परतताना गाडीत भाचीला हे सांगायला लागलो आणि मालवण आलं तरी सांगून संपलं नाही. म्हणून इथे नीट लिहितो.

सुरुवात तिच्या हातातल्या छर्ऱ्यापासूनच करू. जत्रेतल्या बंदुकीत बहुधा ४.५ मिलिमीटर जाडीचा छर्रा असतो, म्हणजे साधारण मिऱ्याच्या दाण्याएवढा. ऑलिंपिकच्या १० मीटर एअर रायफल स्पर्धेतही छर्रा ४.५ मिलिमीटरचाच असतो. फरक आहे तो समोरच्या लक्ष्यात. फुगा नारळाएवढा आणि चार पावलांवर. ऑलिंपिकचं अख्खं लक्ष्य ४५.५ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे चांगल्या पोसलेल्या रातांब्याहून थोडं मोठं, आणि ते १० मीटरवर. त्यात एकात एक दहा वर्तुळं. सगळ्यात आतलं, दहा गुणांचं वर्तुळ हे वर्तुळ नाहीच, तो अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका आहे. खसखशीचा दाणा त्याहून मोठा असतो.

छर्ऱ्याची कड त्या ठिपक्याला नुसती शिवली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडायला हवं. त्याच्याही आत दशांशाचे गुण असतात. दर पाव मिलिमीटर जवळ गेलं की एक दशांश वाढतो, आणि सगळ्यात वरचा गुण १०.९. आता बंदुकीकडे बघा. रायफलच्या मागच्या आणि पुढच्या साईटमध्ये, म्हणजे नळीवरच्या नेम जुळवायच्या दोन खुणांमध्ये, साधारण ७० सेंटिमीटर अंतर धरलं, तर १० मीटरवर अडीच मिलिमीटरची चूक व्हायला पुढची साईट किती सरकावी लागेल? हिशेब सोपा आहे, त्रैराशिकाचा. उत्तर येतं ०.१७५ मिलिमीटर. वहीच्या दोन कागदांच्या जाडीपेक्षाही कमी.

एअर रायफल नेमबाज सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवले. तेव्हा महिलांसाठी ४० शॉट असायचे. ४० वेळा रायफल खांद्याला लावली, ४० वेळा ती दोन कागदांच्या जाडीच्या आत राहिली. याच सुमाताईंनी पुढे पनवेलला, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यात, मुलांना शिकवायला सुरुवात केली. मला हा पराक्रम सगळ्या शिकारकथांपेक्षा मोठा वाटतो, आणि का वाटतो तेही पुढे येईलच.

हात हलतोच

एवढ्या बारीक मापात माणसाचा हात स्थिर राहूच शकत नाही. रायफल खांद्याला लावली की छातीत ठोका पडतो आणि नळी उडते. श्वास घेतला की नळी खालीवर होते. उभ्या माणसाचं शरीर सतत किंचित डोलत असतं, होडीतल्या डोलकाठीसारखं. जगज्जेत्या नेमबाजाचंही डोलतं. त्याचं डोलणं लहान असतं इतकंच. जाड कॅनव्हास आणि चामड्याचं ते ताठ जाकीट नेमबाज घालतात ते याचसाठी, पण जाकिटाने डोलणं कमी होतं, थांबत नाही.

मग नेम लागतो कसा? इथे दोन प्रकारच्या हलण्यांत फरक करावा लागतो, आणि तो कोकणातल्या माणसाला समजावणं सगळ्यात सोपं आहे, कारण आपण हापूस झेल्याने काढतो. झेल्याची लांब काठी हातात धरून तुम्ही अख्खे एक बोट बाजूला सरकलात, तर वरची जाळीही एकच बोट सरकते. आंबा जाळीतच राहतो. पण पाय जागेवर ठेवून मनगट एवढंसं वळलं, की वरचं टोक हातभर लांब जातं आणि देठ भलत्याच फांदीला लागतो. सरकणं माफ आहे, वळणं माफ नाही.

बंदुकीचं अगदी तेच. १० मीटर एअर पिस्तूल घ्या. त्यातलं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं आहे. पूर्ण हात एक मिलिमीटर बाजूला सरकला तर छर्राही एकच मिलिमीटर सरकतो. काही बिघडत नाही. पण दोन साईटमधलं अंतर ३५ सेंटिमीटर असेल आणि पुढची साईट मागच्या खाचेत एक मिलिमीटर कलली, तर १० मीटरवर चूक होते २८ मिलिमीटरांची. पिस्तुलाच्या लक्ष्यावर दर आठ मिलिमीटरला एक गुण जातो. म्हणजे त्या एका मिलिमीटरच्या कलण्याने तीन-साडेतीन गुण गेले.

म्हणून प्रशिक्षक नवख्याला सांगतात की हात हलू दे, साईट जुळलेल्या ठेव. नवखा नेमका उलटं करतो. हात स्थिर करायच्या नादात स्नायू आवळतो, आणि आवळलेला स्नायू जास्त थरथरतो.

बोटाचं काम

नेमाचं निम्म्याहून अधिक रहस्य उजव्या हाताच्या तर्जनीत आहे. नवखा काय करतो? साईट डोलत डोलत ठिपक्यावर आली की मनात ओरडतो "आत्ता!" आणि चाप ओढतो. यात दोन घोटाळे होतात. डोळ्याला दिसल्यापासून बोट हलेपर्यंत साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो, तेवढ्यात साईट पुढे गेलेली असते. दुसरं म्हणजे झटक्याने ओढलेला चाप बंदुकीला वळवतो, आणि वळणं माफ नाही हे आपण आत्ताच पाहिलं.

मुरलेला नेमबाज "आत्ता" म्हणतच नाही. साईट जुळलेल्या आहेत आणि डोलणं नेहमीच्या घेरात आहे, एवढं बघतो आणि चापावरचा दाब वाढवत नेतो. शॉट सुटतो तेव्हा तो त्याला थोडासा अनपेक्षितच असतो. स्पर्धेच्या एअर रायफलचा चाप त्यासाठी इतका हलका ठेवलेला असतो की शंभरेक ग्रॅमच्या किंवा त्याहूनही कमी दाबाने तो सुटावा. पिस्तुलाला मात्र नियमाने किमान ५०० ग्रॅम. हे अंगवळणी पडावं म्हणून खेळाडू छर्रा न भरता, घरात भिंतीसमोर उभं राहून, रोज शेकडो वेळा चाप दाबतात. त्याला ते "ड्राय" म्हणतात. पदकं जिंकलेल्या नेमबाजांच्या आयुष्यातला मोठा भाग अशा भिंतीसमोर गेलेला असतो.

जत्रेतल्या बंदुकीचा चाप याच्या पार उलट, जड आणि खडखडीत. त्यात तिच्या आत दट्ट्या आणि स्प्रिंग असते. चाप दाबला की दट्ट्या धावतो, बंदुकीला हिसका बसतो, आणि तो हिसका छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच बसतो. ऑलिंपिकच्या रायफलमध्ये आधीच दाबून भरलेली हवा असते, हिसका जवळपास नसतोच. तेव्हा भाचीने दोन फुगे फोडले हे काही थोडं नव्हतं.

बोट काय करू शकतं याची सगळ्यात बोचरी गोष्ट अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सची आहे. २००४ ची अथेन्स ऑलिंपिक, ५० मीटर रायफल तीन पोझिशनची (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून मारायची) अंतिम फेरी. शेवटचा शॉट उरला होता आणि आघाडी एवढी होती की साधारण शॉटवरही सुवर्ण त्याचं होतं. त्याने तो चांगला मारलाही, पण शेजारच्या खेळाडूच्या लक्ष्यावर. गुण शून्य, स्थान आठवं. चार वर्षांनी बीजिंगमध्ये तीच स्पर्धा, पुन्हा शेवटच्या शॉटला तो पुढे. रायफल वरून खाली लक्ष्यावर आणताना बोट चापाला लागलं आणि शॉट वेळेआधी सुटला. ४.४ गुण, स्थान चौथं. दोन्ही वेळा त्याच्या नजरेत खोट नव्हती आणि हातातही नव्हती. मला ही गोष्ट सांगताना आजही वाईट वाटतं.

आणि हात नेमासाठी किती कमी महत्त्वाचा आहे याचं उत्तर हंगेरीच्या कारोली ताकाचने देऊन ठेवलंय. सैन्यात असलेला हा पिस्तूल नेमबाज. १९३८ साली हातात ग्रेनेड फुटून उजवा हात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. १९४८ ला लंडनमध्ये आणि १९५२ ला हेलसिंकीत, २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूलचं सुवर्ण, डाव्या हाताने. त्याचा नेम उजव्या हातात असता तर तो १९३८ सालीच गेला असता.

श्वास, ठोका आणि खाली ठेवलेली बंदूक

श्वास अर्धा सोडायचा आणि तिथे थांबायचं. सहा-आठ सेकंद शरीर शांत राहतं. त्यानंतर डोळ्यात जुनंच चित्र रेंगाळायला लागतं, स्नायू थकतात, ठोके वाढतात. तेवढ्या वेळात शॉट सुटला नाही तर? बंदूक खाली ठेवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. पात्रता फेरीत ६० शॉटसाठी ७५ मिनिटं असतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. हा वेळ नेम धरण्यासाठी कमी आणि नेम सोडून देण्यासाठी जास्त उपयोगी पडतो. रेंजवर बसून बघा. चांगला खेळाडू ओळखू येतो तो मारलेल्या शॉटवरून नाही. खांद्याला लावलेली रायफल न मारता खाली आणणारा दिसला की समजावं.

ठोक्यांचं महत्त्व किती? हृदयाची गती मंदावणारी बीटा ब्लॉकर औषधं नेमबाजीत बंद आहेत. बीजिंगला उत्तर कोरियाच्या किम जोंग सूने पिस्तुलात एक रौप्य आणि एक कांस्य मिळवलं होतं. असं औषध सापडलं म्हणून दोन्ही पदकं काढून घेतली. धावण्यात लोक दम वाढवायला औषध घेतात, इथे हृदय शांत करायला.

त्याच बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रा १० मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत ५९६ गुणांसह चौथ्या स्थानावर होता. अंतिम फेरीत नऊ शॉट झाले आणि तो फिनलंडच्या हेन्री हाक्किनेनच्या बरोबरीत आला. एक शॉट बाकी. हाक्किनेनचा ९.७ गेला. बिंद्राचा १०.८. म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आत. भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण त्या अर्ध्या मिलिमीटरवर उभं आहे. त्या क्षणी त्याची छाती धडधडत नव्हती असं नाही. धडधड असतानाही बोटाने नेहमीचंच काम केलं. २०२२ मध्ये कैरोत याच प्रकारात ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील जगज्जेता झाला. बिंद्रानंतर हे साधणारा तो दुसरा भारतीय, आणि ठाणे म्हणजे कोकणचाच उत्तरेकडचा उंबरठा.

अर्जुनाला मस्तक दिसलं, नेमबाजाला दिसत नाही

आता त्या आजोबांच्या नजरेकडे येऊ. द्रोणाचार्यांनी विचारलं, काय दिसतं? अर्जुन म्हणाला, फक्त पक्षी, आणि मग फक्त त्याचं मस्तक. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो आणि नेम म्हणजे लक्ष्याकडे टक लावणं असं धरून चालतो. पिस्तूल नेमबाज नेमकं उलटं करतो. मागची खाच, पुढची साईट आणि लक्ष्य ही तीन वेगवेगळ्या अंतरांवर असतात, आणि माणसाच्या डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसतं. मग कुठलं स्पष्ट ठेवायचं? झेल्याची गोष्ट आठवा. साईट कलली तर मोठी चूक, लक्ष्याचा अंदाज थोडा चुकला तर लहान. म्हणून नजर पुढच्या साईटवर ठेवायची. लक्ष्य धूसर काळा गोळा दिसतं, आणि तसंच दिसायला हवं. ज्याला लक्ष्य स्वच्छ दिसायला लागलं त्याच्या साईट हमखास सुटल्या. अर्जुनाचं धनुष्य बिनसाईटचं होतं, त्याला ते चालून गेलं.

रायफलच्या मागच्या साईटला बारीक भोक असतं, त्यातून बघायचं. त्याची गंमत घरी करून बघता येते. कागदाला सुईने छिद्र पाडा आणि चष्मा काढून त्यातून भिंतीवरचं कॅलेंडर वाचा. अक्षरं बरीच स्पष्ट होतात, कारण छिद्रातून येणारा प्रकाश डोळ्याच्या भिंगाच्या मधल्याच भागातून जातो आणि जवळचं-लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. चष्मा असलेला माणूसही उत्तम नेमबाज होऊ शकतो, तो अशाने. पॅरिसला २०२४ मध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचचा साधा चष्मा आणि खिशात घातलेला डावा हात जगभर गाजला. त्याने मिश्र सांघिक १० मीटर पिस्तुलात रौप्य जिंकलं, तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडलेली होती. त्याहून थक्क करणारा स्वीडनचा ऑस्कर स्वान. १९१२ मध्ये ६४ व्या वर्षी सुवर्ण, १९२० मध्ये अँटवर्पला ७२ व्या वर्षी सांघिक रौप्य. आजही तो ऑलिंपिकचा सर्वांत वयस्कर पदकविजेता आहे. त्याचा प्रकार होता "धावतं हरीण". १०० मीटरवर रुळावरून पळणाऱ्या हरणाच्या चित्रावर गोळी मारायची.

हरणाचं चित्र. म्हणजे या खेळाची नाळ शिकारीला जोडलेली आहे.

आबांची ठासणीची बंदूक

आमच्या आजोबांकडे, आबांकडे, शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. सिंधुदुर्गात अशा बंदुका अजून बऱ्याच घरांत आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात, निकाल लागला की परत येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली आणि ती थांबली हे फार बरं झालं. रान आधीच उघडं पडत चाललं होतं. आबांच्या गोष्टी त्याच्या आधीच्या.

त्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत. पुढून दारू, चिंधी, गोळी ठासायची. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असल्याने आत या कडेला त्या कडेला आपटत बाहेर येते, आणि शेवटी ज्या कडेला आपटली असेल त्याप्रमाणे वेडीवाकडी गरगरते. वेडी गरगरणारी गोळी हवेत वळते. त्यामुळे नेम कितीही धरा, तीस-चाळीस पावलांपलीकडे भरवसा नाही. रायफलच्या नळीत पीळ दिलेल्या खाचा असतात, त्या गोळीला एकाच अक्षाभोवती वेगाने फिरवतात. भोवऱ्यासारखं. फिरता भोवरा आरीवर ताठ उभा राहतो आणि थांबला की लवंडतो. फिरती गोळीही तशीच नाक पुढे ठेवून जाते. रायफल हे नावच इंग्रजीत त्या खाचांवरून पडलं.

गुळगुळीत नळीच्या शिकाऱ्याचं कसब म्हणूनच बंदुकीत नसे, ते पायांत आणि सबुरीत असे. वाऱ्याची बाजू धरून बसणं, हाकाऱ्यातून उठलेलं डुक्कर कुठल्या पाणंदीने येणार हे ओळखणं, ते पंधरा पावलांवर येईपर्यंत श्वास दाबून राहणं. आबा म्हणायचे, "जनावर दिसला म्हणान बार घालूचो नाय. आधी आपलो श्वास खाली बसांदे." रेंजवरचा प्रशिक्षक आणि आबा एकच गोष्ट सांगत होते हे कळायला मला वीस वर्षं लागली. आबांना त्याचं दुसरं कारणही होतं. नुसतं जखमी झालेलं जनावर रानात तडफडतं, आणि गुरं घेऊन येणाऱ्या कुणावर तरी उलटतं. ज्या बाराची खात्री नाही तो घालणं त्यांना पाप वाटे.

शिकारीच्या नेमाचा मला माहीत असलेला सगळ्यात विलक्षण प्रसंग जिम कॉर्बेट यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. १९३० साल, कुमाऊंमधली चौगडची नरभक्षक वाघीण. कॉर्बेट ओढ्याच्या कोरड्या पात्रातून चालले होते. डाव्या हातात वाटेत सापडलेली रातव्याची दोन अंडी, उजव्या हातात .२७५ ची रायफल छातीशी आडवी. एका मोठ्या खडकाला वळसा घातला, मान वळवली, तर काही फुटांवर वाघीण दबा धरून त्यांच्याकडेच बघत बसलेली. झटक्याने हललं असतं तर तिने झेप घेतली असती. त्यांनी एकाच हाताने ती रायफल तसूतसूने फिरवली. हात भरून आला, तरी वेग वाढवला नाही. नळी वाघिणीच्या रोखाने आल्यावर चाप दाबला. पुढे ते म्हणतात की अंड्यांनीच वाचवलं. डावा हात मोकळा असता तर त्यांनी दोन्ही हातांनी रायफल गर्रकन फिरवली असती. नंतर त्यांनी ती अंडी परत घरट्यात नेऊन ठेवली. एवढ्या जवळून नेम चुकायचा प्रश्नच नव्हता, तरी हा नेमाचा पराक्रम आहे, कारण त्यात न केलेल्या हालचालीचाच वाटा मोठा.

हलत्या लक्ष्याचा हिशेब

उडत्या, पळत्या लक्ष्याचा प्रश्न निराळा. तिथे जिथे लक्ष्य आहे तिथे मारलं तर नेम हमखास चुकतो. खाडीत पागेर टाकणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मासा दिसतो तिथे तो जाळं टाकत नाही, मासा जिथे पोचेल तिथे टाकतो. ट्रॅप नावाच्या प्रकारात हवेत सोडलेली मातीची बशी ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने उडते, म्हणजे सेकंदाला २७-२८ मीटर. छर्रे तिथवर जायला सेकंदाचा दहावा भाग लागला असं धरलं, तर तेवढ्यात आडवी जाणारी बशी पावणेतीन मीटर पुढे गेलेली असेल. बंदूक बशीच्या पुढे रोखायची, आणि मारल्यावरही फिरवत राहायचं, थांबायचं नाही. इथे डोळा मात्र बशीवरच. राज्यवर्धनसिंग राठोड यांनी २००४ च्या अथेन्समध्ये डबल ट्रॅपचं रौप्य जिंकलं, तिथे तर एकाच वेळी दोन बशा सुटत.

अमेरिकेच्या अ‍ॅड टॉपरवाइनचा १९०७ चा विक्रम याच कुळातला. सॅन अँटोनियोत दहा दिवस, हवेत फेकलेले सव्वादोन इंची लाकडी ठोकळे, एकूण ७२,५००. हुकले नऊ. तो कसा जमला याचा थोडा उलगडा करता येतो. वर फेकलेली सुपारी सगळ्यात उंच जागी क्षणभर थांबते, तिथे तिला पुढची वाट द्यावी लागत नाही. पण दिवसाला सात हजारांवर ठोकळे, दहा दिवस, सरासरी आठ हजारांत एकच चूक. याला उलगडा पुरत नाही, फक्त मान झुकते.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. १० मीटरची स्पर्धा बंद सभागृहात होते, तिथे वारा नाही. ५० मीटरला उघड्या रेंजवर असतो. ताशी साडेतीन किलोमीटरची आडवी झुळूक, जी आपल्याला गालावर जेमतेम जाणवते, ती .२२ ची गोळी ५० मीटरवर पाच-सहा मिलिमीटर बाजूला नेते. दहाचं वर्तुळ तिथे १०.४ मिलिमीटरचं. म्हणून रेंजवर छोटी निशाणं लावलेली असतात आणि नेमबाज ती सतत बघतो, जसा आपला मच्छीमार खारा वारा कधी पडतो आणि मतलई कधी सुटतो ते बघतो. पॅरिसला कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे याच ५० मीटरच्या, तीन पोझिशनच्या प्रकारातला. गगनबावडा-फोंडा घाटांच्या पलीकडचा, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. ४४ शॉटमध्ये ४५१.४ गुण. गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून, तीन वेगवेगळी शरीरं आणि एकच बोट.

सहा छर्रे कुठे गेले?

आता परत फुग्यांकडे. एक नेमका लागलेला बार काहीच सिद्ध करत नाही. १८७४ मध्ये अमेरिकेत बायसनची शिकार करणाऱ्या बिली डिक्सनने वेढा पडलेला असताना १,५३८ यार्डांवरच्या, म्हणजे सुमारे १,४०० मीटरवरच्या, घोडेस्वाराला पाडलं असं सांगतात. तो बार आख्यायिका झाला. पण एवढ्या अंतरावर त्या काळची गोळी काही सेकंद हवेत असते आणि वाटेत कितीतरी मीटर खाली येते. डिक्सन स्वतःही तो नशिबाचा बार मानायचा. मला त्याचं हे मानणं त्या बारापेक्षा मोठं वाटतं, आणि ४०० पैकी ४०० जास्त मोठे वाटतात तेही म्हणूनच.

नेमबाज एका शॉटकडे बघत नाही, तो गट बघतो. पाच शॉट एकाच जागी, पण ठिपक्यापासून लांब पडले, तर माणूस बरोबर आहे आणि साईट चुकली आहे. साईट दोन टिचक्या फिरवली की झालं. पाच शॉट पाच दिशांना पडले, त्यातला एक ठिपक्यावर असला, तर साईट बरोबर आहे आणि माणसाला अजून काम करायचं आहे. जत्रेतल्या बंदुकीची साईट वाकलेली असू शकते, शिवाय साईट नळीच्या वर असल्यामुळे इतक्या जवळून छर्रा थोडा खालीच लागतो.

जत्रा दीड दिवसाची. दुसऱ्या सकाळी भाची मला ओढत पुन्हा त्याच बाकड्यापाशी घेऊन गेली. तीच बंदूक मागून घेतली. एकच पिवळा फुगा ठरवला, आणि त्याच्याच मधोमध नेम धरून तीन छर्रे मारले. तिन्ही ताडपत्रीवर वाजले, तिन्ही फुग्याच्या खाली उजवीकडे, एकमेकांपासून चार बोटांच्या आत. तिने माझ्याकडे बघितलं, मी काही बोललो नाही. चौथ्या वेळी तिने नळी फुग्याच्या डाव्या खांद्यावर, थोडी वरच धरली. धरून राहिली. नळी डोलायला लागली तशी तिने बंदूक खांद्यावरून काढली आणि बाकड्यावर टेकवली.

"काय झाला गो? अडाकली काय?" बंदूकवाल्याने विचारलं.

"नाय काका. परत धरतंय," ती म्हणाली, आणि श्वास सोडून पुन्हा बंदूक उचलली.